वर्गाचा निकाल नव्वद टक्के: 'एनिग्मा'वरच्या चित्रपटांबद्दल समीक्षक आणि इतिहासकार यांचे का जमत नाही?

दुसऱ्या महायुद्धात 'एनिग्मा' या जर्मन यंत्राची गुप्तलिपी फोडणारे ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्यावरचा 'द इमिटेशन गेम' हा २०१४ सालचा चित्रपट पाहिलेल्या अनेकांना एक चमत्कारिक अनुभव येतो. चित्रपट मनापासून आवडतो, शेवटी डोळे पाणावतात, पटकथेला मिळालेले ऑस्कर योग्यच वाटते. आणि मग उत्सुकतेने अधिक माहिती शोधायला जावे, तर कुणी अभ्यासक बजावत असतो की यातले बरेचसे असे घडलेच नव्हते. त्याच विषयावर २००१ साली 'एनिग्मा' नावाचा चित्रपट येऊन गेला. त्याची गोष्ट उलटी आहे. समीक्षकांनी त्याचे बेताचे कौतुक केले, प्रेक्षक त्याला विसरले, गुप्तलिपीत रस असणारे लोक मात्र अजून त्याची आठवण काढतात, आणि पोलिश माणसासमोर त्याचे नाव काढले तर त्याच्या कपाळाला आठी पडण्याचा संभव आहे.

एकाच इतिहासावरच्या चित्रपटांना इतके परस्परविरोधी निकाल का मिळतात, हे समजून घ्यायचे तर आधी तो इतिहास थोडा उलगडावा लागतो. समीक्षकांचे बहुतेक वाद शेवटी एका यंत्रापाशी आणि ते यंत्र नमवण्याच्या पद्धतीपाशी येऊन थांबतात.

आधी यंत्र

लहानपणी आपण 'च'ची भाषा बोलत असू. 'पाणी' म्हणायचे असेल तर 'चाणीप'. पहिले अक्षर उचलून शेवटी न्यायचे आणि त्याच्या जागी 'च' बसवायचा. मोठ्यांना ती दोन मिनिटांत कळायची, कारण नियम एकच होता आणि तो कधी बदलत नसे. आता कल्पना करा की हा नियम प्रत्येक अक्षरागणिक बदलतो आहे, आणि पुढचा नियम कोणता हे फक्त ज्यांच्याकडे त्या दिवसाची किल्ली आहे त्यांनाच ठाऊक आहे. एनिग्मा यंत्र नेमके हेच करत असे.

दिसायला ते टाइपरायटरसारखे होते. एक कळ दाबली की वीज आतल्या तीन चक्रांमधून फिरून यायची आणि वरच्या फलकावर दुसऱ्याच अक्षराचा दिवा लागायचा. प्रत्येक वेळी कळ दाबताना उजवीकडचे चक्र एक घर पुढे सरके, आणि जुन्या स्कूटरवरच्या किलोमीटरच्या आकड्यांप्रमाणे ते ठरावीक ठिकाणी आले की शेजारच्या चक्रालाही ढकले. शिवाय पुढच्या बाजूला तारा खोचून अक्षरांच्या दहा जोड्यांची अदलाबदल करण्याची सोय होती. पाचांतून तीन चक्रे निवडणाऱ्या जर्मन लष्कराच्या यंत्रात अशा मांडणीच्या एकूण शक्यता १५९ या आकड्यापुढे अठरा शून्ये मांडावीत इतक्या होत. ही मांडणी रोज बदलत असे. पाणबुड्यांसाठी तर जर्मन नौदलाने १ फेब्रुवारी १९४२ पासून चौथे चक्रही जोडले. पाणबुड्यांच्या या जाळ्याला ब्रिटिशांनी 'शार्क' असे नाव दिले होते.

कुलूप फुटले कसे

यंत्र जवळजवळ अजिंक्य होते, पण ते वापरणारी माणसे सवयीची गुलाम होती. आपल्याकडच्या जुन्या पत्राचेच घ्या. लिफाफा फोडण्याआधीच आपल्याला माहीत असते की सुरुवात 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार' अशी असणार आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा' येणार. जर्मन संदेशही असेच साचेबंद असत. हवामानाचा अहवाल रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शब्दांत जाई. अशा अंदाजाने ओळखलेल्या मजकुराला ब्लेचली पार्क या गुप्तलिपी फोडणाऱ्या ब्रिटिश केंद्रात 'क्रिब' म्हणत. तिकडच्या विद्यार्थ्यांच्या बोलीत हा शब्द परीक्षेत लपवून नेलेल्या चिठ्ठीसाठी वापरतात. आपण जिला 'कॉपी' म्हणतो तीच ही वस्तू.

एनिग्माचा एक दोष इथे उपयोगी पडला. तिच्यात कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपात कधी बाहेर पडत नसे. त्यामुळे अंदाजाचे वाक्य गुप्त मजकुराखाली सरकवत न्यायचे, आणि वरखाली तेच अक्षर जुळले की ती जागा चुकीची म्हणून सोडून द्यायची. जी जागा उरे तिच्यावरून ॲलन ट्युरिंग यांनी आखलेले आणि गॉर्डन वेल्चमन यांनी सुधारलेले 'बॉम्ब' नावाचे यंत्र (याचा स्फोटाशी काही संबंध नाही) अशक्य मांडण्या भराभर बाद करत जाई. पहिले असे यंत्र मार्च १९४० मध्ये बसवले गेले.

याही आधीचा पाया पोलंडचा होता. मारियन रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की या तीन तरुण गणितज्ञांपैकी रेयेव्स्की यांनी डिसेंबर १९३२ मध्येच यंत्राची आतली जोडणी गणिताने शोधून काढली होती. युद्धाच्या तोंडावर, जुलै १९३९ मध्ये, वॉर्सॉजवळच्या पिरी येथे पोलिश अधिकाऱ्यांनी हे सगळे ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केले.

ब्लेचलीत पुढे नऊ-दहा हजार माणसे काम करू लागली आणि त्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. संदेश टिपणे, नोंदी ठेवणे, यंत्रे चालवणे, अनुवाद करणे असे हे कारखान्यासारखे, पाळ्यांमध्ये चालणारे, कंटाळवाणे आणि सामूहिक काम होते. थरारपटाला मात्र एक नायक लागतो, एक क्षण लागतो आणि शक्यतो एक शत्रू घरातच बसलेला लागतो. या विषयावर चित्रपट काढणाऱ्याने खरेपणातला कोणता भाग विकून थरार विकत घेतला, यावरच समीक्षेतले सारे वाद उभे आहेत.

टक्के म्हणजे गुण नव्हेत

वादांकडे वळण्यापूर्वी आकड्यांचा घोळ मिटवू. 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावर 'द इमिटेशन गेम'पुढे नव्वदच्या आसपासचा आकडा दिसतो, तर 'एनिग्मा'पुढे सत्तरीतला. वाचक याला गुण समजतो. प्रत्यक्षात हा आकडा शाळेच्या निकालासारखा आहे. दहावीच्या वर्गाचा निकाल नव्वद टक्के लागला म्हणजे प्रत्येक मुलाला नव्वद गुण मिळाले असे आपण समजत नाही. शंभरातले नव्वद पास झाले, एवढेच समजतो. तसेच इथे शंभरातल्या नव्वद समीक्षकांनी चित्रपट बरा किंवा चांगला म्हटला, एवढाच अर्थ आहे. सगळ्यांनी काठावर पास केलेला चित्रपटही शंभर टक्के मिळवू शकतो.

'मेटाक्रिटिक' नावाचे दुसरे संकेतस्थळ गुणांची सरासरी काढते, आणि तिथे 'द इमिटेशन गेम' एकदम सत्तरीच्या सुरुवातीच्या आकड्यांवर उतरतो. म्हणजे तो बहुतेकांना आवडला, पण थोर फार थोड्यांना वाटला. हा भेद एकदा लक्षात आला की दोन चित्रपटांमधले अंतर वाटते तितके मोठे उरत नाही.

आणखी एक गोष्ट. वर्तमानपत्राचा समीक्षक साधारणतः चित्रपट एकदा पाहून मुदतीच्या आत लिहितो. तो अभिनय, गती, संवाद, छायाचित्रण तपासतो. त्याला गुप्तलिपीचे गणित येत नसेल तर तो काही गुन्हा नव्हे. इतिहासकार सावकाश येतो आणि वेगळाच पेपर तपासतो. दोघांच्या लाल शाईत फरक पडतो तो यामुळे.

'एनिग्मा': डोक्याला काम देणारा चित्रपट

रॉबर्ट हॅरिस यांच्या १९९५ च्या कादंबरीवरून टॉम स्टॉपर्ड यांनी पटकथा लिहिली, मायकेल ॲप्टेड यांनी दिग्दर्शन केले, आणि निर्मात्यांमध्ये चक्क रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचे गायक मिक जॅगर होते. जॅगर यांच्या संग्रहात खरे एनिग्मा यंत्र होते, ते त्यांनी चित्रीकरणासाठी दिले, आणि एका प्रसंगात गणवेश घालून क्षणभर पडद्यावरही झळकून घेतले.

कथा मार्च १९४३ मधली आहे. पाणबुड्यांच्या संदेशांची किल्ली अचानक हातातून निसटली आहे, अमेरिकेहून निघालेले मालवाहू जहाजांचे तांडे भर समुद्रात आहेत, आणि प्रेमभंगाने खचलेला गणितज्ञ टॉम जेरिको केंब्रिजहून परत बोलावला जातो. ज्या क्लेअरसाठी तो झुरतो आहे, ती बेपत्ता आहे. तिच्या खोलीत चोरून आणलेले गुप्तसंदेश सापडतात. क्लेअरची सहनिवासी हेस्टर त्याला शोधकार्यात साथ देते. हेस्टरची भूमिका केट विन्स्लेट यांची.

कौतुक झाले ते स्टॉपर्ड यांच्या संवादांचे, कळकट आणि थंड युद्धकालीन वातावरणाचे, जॉन बॅरी यांच्या संगीताचे, आणि नायिकेला सजवून उभी न करता चश्मा लावून कामाला जुंपणाऱ्या विन्स्लेट यांच्या अभिनयाचे. हा चित्रपट प्रेक्षकाला बुद्धी आहे असे गृहीत धरतो, याचा काही समीक्षकांना मनापासून आनंद झाला. तक्रारी होत्या त्या कथानकाच्या गुंत्याच्या, क्लेअरच्या आठवणींत वारंवार शिरणाऱ्या प्रसंगांच्या, नायकाच्या एकसुरी उदासीच्या आणि उत्तरार्धातल्या धावपळीच्या. या तक्रारी मला बव्हंशी रास्त वाटतात. गुप्तलिपीचा पेच इतका चांगला मांडल्यावर त्याला पाठलागांची फोडणी देण्याची गरज नव्हती. गुंत्याची तक्रार मात्र थोडी अन्यायाची आहे, कारण गुप्तलिपी उलगडण्याचा चित्रपट एकदाच, अर्धे लक्ष फोनकडे ठेवून कळावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

पोलंडला राग का आला?

पुढच्या दोन परिच्छेदांत कथेचा शेवट उघड होतो. ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी थेट त्यापुढच्या उपशीर्षकावर जावे.

चोरलेले संदेश कातिनच्या जंगलासंबंधी असतात. १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी आणि नागरिकांना कातिन व इतर ठिकाणी ठार केले होते. जर्मनांना त्या कबरी सापडल्या आणि एप्रिल १९४३ मध्ये त्यांनी ती बातमी जगाला सांगितली. सोव्हिएत संघ हे कृत्य १९९० पर्यंत नाकारत राहिला. चित्रपटात ब्रिटिश सरकार मित्रराष्ट्राला दुखावू नये म्हणून हे संदेश दडपते, आणि ब्लेचलीत काम करणारा एक पोलिश तरुण, आपल्या आप्ताची हत्या कोणी केली हे कळल्यावर, सूडापोटी जर्मनांना मिळतो.

नाट्य म्हणून ही कल्पना बळकट आहे; कातिनवर पांघरूण घालण्याचा विषय ब्रिटिश चित्रपटाने काढावा हेही धाडसाचे होते. इतिहास म्हणून मात्र ती जखमेवर मीठ चोळणारी आहे. ज्या देशाने ही किल्ली ब्रिटनला दिली, त्याच्या गणितज्ञांना चित्रपटात फारशी जागा मिळत नाही आणि गद्दार मात्र त्याच देशाचा निघतो. ब्लेचलीतून कागद चोरणारा जो माणूस इतिहासाला ठाऊक आहे, तो जॉन केअर्नक्रॉस हा ब्रिटिश होता आणि त्याने ते सोव्हिएत संघाला दिले. दुसरीकडे रेयेव्स्की आणि झिगाल्स्की फ्रान्समधून, स्पेनच्या तुरुंगातून सुटून १९४३ मध्ये ब्रिटनला पोहोचले, तेव्हा त्यांना ब्लेचलीचे दारही उघडले गेले नाही. लंडनबाहेर बॉक्समूर येथे यंत्राविना हाताने रचलेल्या, दुय्यम दर्जाच्या गुप्तलिप्यांवर त्यांना बसवण्यात आले. रुझित्स्की त्याआधीच, जानेवारी १९४२ मध्ये, भूमध्य समुद्रात जहाज बुडून मरण पावले होते. हे सारे ज्याला माहीत आहे, त्याने पडद्यावरचा पोलिश गद्दार पाहून निव्वळ 'कथेची गरज' म्हणावे ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

"यात ट्युरिंग कुठे आहेत?"

'एनिग्मा'वरचा दुसरा आक्षेप असा की समलैंगिक असलेल्या ट्युरिंग यांच्या जागी एका स्त्रीच्या प्रेमात बुडालेला काल्पनिक गणितज्ञ बसवून त्यांना पुसून टाकले. यात अर्धे तथ्य आहे. जेरिकोला दिलेले श्रेय वाचताना ट्युरिंग आठवतातच. पण कथा ज्या दिवसांत घडते, त्या दिवसांत ट्युरिंग ब्लेचलीत नव्हतेच. नोव्हेंबर १९४२ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि मार्च १९४३ अखेरीस परतले. नौदलाच्या एनिग्मावर काम करणाऱ्या आठ क्रमांकाच्या बराकीची सूत्रे त्यांच्यानंतर बुद्धिबळपटू ह्यू अलेक्झांडर यांच्याकडे आली होती. कादंबरीकाराने तारीख हुशारीने निवडली आहे, असे म्हणावे लागते.

'द इमिटेशन गेम': एकाच खांद्यावर सगळे ओझे

मॉर्टन टिल्डम दिग्दर्शित या चित्रपटाची भावनिक ताकद निर्विवाद आहे. ज्या माणसाला १९५२ साली समलैंगिक संबंधांवरून दोषी ठरवले, हार्मोनची औषधे घेण्याची शिक्षा दिली आणि जो १९५४ मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी गेला, त्याला ब्रिटिश राजसत्तेची माफी मिळायला डिसेंबर २०१३ उजाडला. पुढच्याच वर्षी हा चित्रपट आला. बेनेडिक्ट कंबरबॅच यांच्या अभिनयावर समीक्षकांचे जवळजवळ एकमत होते.

अभ्यासकांचे मतभेद सुरू होतात ते यंत्रापासून. पडद्यावर ट्युरिंग आपल्या दिवंगत शाळामित्राच्या नावाने 'ख्रिस्तोफर' असे नाव दिलेले यंत्र एकहाती उभारतात, दोन वर्षे ते काही केल्या चालत नाही, आणि मग एका संध्याकाळी पबमध्ये सहज बोलता बोलता त्यांना सुचते की हवामानाच्या संदेशांत ठरावीक शब्द येतातच! सगळे धावत सुटतात, चक्रे फिरतात, थांबतात, आणि किल्ली मिळते. प्रसंग रंगतो यात शंका नाही. पण वर सांगितलेली 'क्रिब' आठवा. बॉम्ब यंत्राची मूळ कल्पनाच क्रिबवर आधारलेली होती; अंदाजाच्या वाक्याशिवाय ते यंत्र कशाच्या आधारे मांडण्या बाद करणार? म्हणजे चित्रपटाने घर बांधून झाल्यावर पायाची कल्पना सुचल्याचे दाखवले आहे. (पहिल्या खऱ्या यंत्राचे नाव 'व्हिक्टरी' होते.)

याहून गंभीर आक्षेप खऱ्या माणसांच्या नावाने घडवलेल्या खोट्या प्रसंगांचा आहे. ट्युरिंग यांना या कामात आणणारे ब्लेचलीचे प्रमुख ॲलिस्टर डेनिस्टन इथे यंत्र बंद पाडायला निघालेले खलनायक होतात. त्यांच्या कुटुंबीयांनी याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. सोव्हिएत संघाला कागद पुरवणारा केअर्नक्रॉस ट्युरिंग यांना त्यांच्या समलैंगिकतेवरून धमकावतो आणि ट्युरिंग गप्प बसतात, असाही एक प्रसंग आहे. त्याला कोणताही आधार नाही, आणि त्यामुळे ज्याच्यावरचा अन्याय दाखवायचा त्याच्याच माथी देशद्रोह लपवल्याचा ठपका बसतो. चित्रपटाच्या प्रेमात असलेल्यांनीही या एका प्रसंगाचे समर्थन कसे करायचे ते सांगावे.

"पण चित्रपट म्हणजे माहितीपट नव्हे!"

हा युक्तिवाद हमखास येतो, आणि तो बरोबरही आहे. काळ आखडणे, चार माणसांचे एक पात्र करणे, संवाद रचणे हे कलेचे हक्काचे काम आहे. ते नाकारले तर ऐतिहासिक नाटक-चित्रपट लिहिलाच जाणार नाही. पण सगळ्या सवलती सारख्या नसतात. यंत्राला वेगळे नाव दिले तर कुणाचे नुकसान होत नाही. पराक्रम एकाचा आणि नाव दुसऱ्याचे लावले तर होते.

याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण २००० सालचा 'यू-५७१'. त्यात अमेरिकी नौसैनिक जर्मन पाणबुडीवर चढून एनिग्मा यंत्र पळवतात. प्रत्यक्षात 'यू-११०' पाणबुडीवरून यंत्र आणि कागदपत्रे हस्तगत केली ती ब्रिटिश युद्धनौका 'बुलडॉग'च्या खलाशांनी, ९ मे १९४१ रोजी, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या सात महिने आधी. ब्रिटनमध्ये संताप झाला, संसदेत प्रश्न आला आणि पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी हा त्या खलाशांचा अपमान असल्याच्या मताशी सहमती दाखवली. चित्रपटाच्या शेवटी खऱ्या मोहिमांची नोंद पाटीवर येते खरी, पण तोवर प्रेक्षक चपला शोधत असतो. ध्वनिसंपादनाचे ऑस्कर या चित्रपटाला मिळाले आणि ते योग्यच होते. पाणबुडीच्या पत्र्याची करकर त्याने अस्सल ऐकवली.

"मग खरेपणा ठेवला तर थरार उरतो का?"

उरतो, आणि त्याचा पुरावा 'एनिग्मा'तच आहे. मार्च १९४३ मध्ये पाणबुड्यांची किल्ली हरवली ती खरोखरच हरवली होती. ३० ऑक्टोबर १९४२ च्या रात्री बुडत्या 'यू-५५९' मधून हवामानाच्या लघुसंदेशांचे पुस्तक बाहेर काढताना टोनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर हे दोन ब्रिटिश नौसैनिक पाणबुडीसोबतच तळाला गेले. त्या पुस्तकाच्या आधारे डिसेंबरात शार्क फुटली होती. १० मार्चला जर्मनांनी त्या पुस्तकाची नवी आवृत्ती वापरात आणली आणि ब्लेचलीची सगळी क्रिब एका रात्रीत रद्दी झाली.

दुसरी वाट एकच होती. पाणबुडीला तांडा दिसला की ती अगदी आखूड, साचेबंद संदेशाने त्याची जागा कळवत असे. तांडा कुठे आहे हे ब्रिटिशांना ठाऊकच होते. म्हणजे संदेशात काय असणार याचा अंदाज बांधता येत होता, म्हणजे क्रिब मिळत होती. पण त्यासाठी पाणबुड्यांना तांडा दिसायला हवा होता, आणि जितक्या जास्त पाणबुड्या त्याच्याभोवती गोळा होतील तितके जास्त संदेश हाती लागणार होते. चित्रपटातला सर्वोत्तम प्रसंग हाच आहे. धुराने भरलेल्या खोलीत थकलेली माणसे पहाटेपर्यंत बसून आहेत, एकेक संदेश येतो आहे, जेरिकोचे काम एकेका संदेशाने सोपे होते आहे, आणि खोलीतल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळतो आहे. १९ मार्चच्या सुमारास ब्लेचलीने शार्कमध्ये पुन्हा प्रवेश मिळवला. तोपर्यंत एससी-१२२ आणि एचएक्स-२२९ या दोन तांड्यांवरचा हल्ला संपत आला होता, आणि त्यांतली २२ मालवाहू जहाजे बुडाली.